लेझर प्रिंटर घेताना आधी कार्ट्रिज बघा, मशीन नंतर

प्रश्न थोडक्यात असा आहे: घरातूनच चालणारं कर सल्लागाराचं छोटं ऑफिस. महिन्याला साधारण ५०० काळी-पांढरी पानं, जून-जुलैत रिटर्नच्या दिवसांत त्याच्या दुप्पट. रोज आधार-पॅनच्या झेरॉक्स, अधूनमधून लीगल आकाराची जुनी खरेदीखतं स्कॅन करायची, शिवाय मुलांच्या शाळेचं थोडंफार काम. सेकंडहँड जुनं लेझर घ्यावं, नवं मल्टिफंक्शन (छपाई, स्कॅन, झेरॉक्स एकाच मशीनमध्ये) घ्यावं की इंक टँक (टाकीत शाई भरायचा प्रिंटर)?

या कामासाठी माझं उत्तर: आपोआप पाठपोट छापणारं, वरून कागदांचा गठ्ठा ओढणारा फीडर असलेलं, नेटवर्कवर चालणारं काळं-पांढरं लेझर मल्टिफंक्शन घ्या. त्यात टोनर (छापायची पूड) आणि ड्रम (ती कागदावर उतरवणारी नळी) वेगवेगळे बदलता येतील असं बघा. रंगीत लेझरच्या वाटेला जाऊ नका. त्यात चार टोनर लागतात, फोटो तरीही इंकजेटसारखे येत नाहीत, आणि मुलांच्या प्रोजेक्टची महिन्याची पाच-सहा रंगीत पानं कोपऱ्यावरच्या दुकानातून काढणं कितीतरी स्वस्त पडतं.

इंक टँकचा विचार मात्र मी उडवून लावणार नाही. पानामागे खर्च काढला तर तो लेझरला सहज हरवतो. पण त्याचं हेड, म्हणजे शाई फवारणारा भाग, सतत ओलं राहावं लागतं. मशीन दोन-तीन आठवडे बंद राहिलं की नोझल सुकतात, आणि साफ करण्यात शाईच वाया जाते. लेझरचा टोनर म्हणजे प्लॅस्टिकची कोरडी पूड. ती दोन महिने पडून राहिली तरी तिला काही होत नाही. शिवाय लेझरचं पान भिजलं तरी अक्षर पसरत नाही. सही-शिक्क्याची, वर्षानुवर्षं फाइलला राहणारी कागदपत्रं असतील तर हा फरक मोठा आहे. रोज रंगीत काम असेल तर इंक टँक, मुख्यतः काळा मजकूर असेल तर लेझर.

आता कार्ट्रिजकडे येऊ, कारण पुढच्या पाच वर्षांचा खर्च तिथेच ठरतो. लेझरमध्ये ड्रम नावाची एक नळी असते. तिच्यावरच्या लेपावर जिथे लेझरचा प्रकाश पडतो तिथला वीजभार निघून जातो, तिथे टोनर चिकटतो, मग तो कागदावर उतरतो आणि शेवटी फ्यूजरमध्ये साधारण २०० अंशांच्या उष्णतेने वितळून कागदात बसतो. टोनर संपतो, तसा ड्रमही झिजतो, पण दोघांचा वेग वेगळा असतो. हा फरक कंपन्या दोन प्रकारे हाताळतात.

पहिल्या प्रकारात टोनर, ड्रम, साफ करणारी पट्टी आणि वाया गेलेल्या टोनरची पेटी हे सगळं एकाच कार्ट्रिजमध्ये असतं. आपल्याकडे गल्लोगल्ली दिसणारी एचपीची १२ए आणि ८८ए, कॅननची ३०३ आणि ९२५ ही याच जातीची. १२ए आणि ३०३ ची क्षमता २,००० पानांची, ८८ए ची १,५०० आणि ९२५ ची १,६००. नवं कार्ट्रिज लावलं की ड्रमही नवा, त्यामुळे छपाई पुन्हा पहिल्यासारखी. पण ओरिजिनल घेत राहिलात तर दर वेळी धडधाकट ड्रम फेकून देता.

दुसऱ्या प्रकारात दोन्ही सुटे असतात. ब्रदरच्या टीएन-२३६५ टोनरची क्षमता २,६०० पानं, तर डीआर-२३६५ ड्रमची सुमारे १२,०००. म्हणजे चार-पाच टोनरमागे एक ड्रम. एचपीने २०१९ मध्ये आणलेल्या नेव्हरस्टॉपसारख्या टँक लेझरमध्ये हीच कल्पना आणखी पुढे नेली आहे: २,५०० पानांची पूड पिचकारीने भरायची आणि ड्रमचा भाग २०,००० पानांना बदलायचा.

हिशेब करताना दुकानात जाऊन हे आकडे लिहून आणा: टोनरची किंमत, त्याची पानं, आणि ड्रम वेगळा असेल तर त्याची किंमत व पानं. उदाहरणापुरतं धरू. ‘अ’ मशीन १४,००० ला आहे आणि त्याचं १,६०० पानांचं कार्ट्रिज ४,५०० ला. पान पडलं २ रुपये ८१ पैशांना. ‘ब’ मशीन १९,००० ला, २,६०० पानांचा टोनर ३,००० ला आणि १२,००० पानांचा ड्रम ६,००० ला. टोनरचे १ रुपया १५ पैसे अधिक ड्रमचे ५० पैसे, म्हणजे १ रुपया ६५ पैसे. तुमच्या वर्षाच्या ७,००० पानांवर ‘अ’ सुमारे १९,७०० खाणार, ‘ब’ सुमारे ११,६००. मशीनच्या किमतीतले ५,००० सात-आठ महिन्यांत वसूल. दर तुमच्या गावचे टाका, रीत हीच ठेवा.

या पानांच्या आकड्यांबद्दल एक गोष्ट ध्यानात ठेवा. ते आयएसओ/आयईसी १९७५२ या मानकानुसार मोजलेले असतात, आणि त्यातल्या नमुना पानाचा साधारण ५ टक्केच भाग काळा असतो. दाट मराठी मजकुराचं, टेबलांच्या रेघा असलेलं पान त्यापेक्षा सहज जास्त टोनर घेतं. आधार कार्डाची झेरॉक्स काढताना मागे राखाडी सावली येत असेल तर टोनर आणखी भराभर संपतो. कॉपीची डेन्सिटी (गडदपणा) एक-दोन घरं कमी केली तर सावली जाते आणि अक्षर तसंच राहतं. नव्या मशीनसोबत येणारं स्टार्टर कार्ट्रिज तर बरेचदा ७०० पानांच्या आसपासच असतं, म्हणजे तुमच्याकडे ते दीड महिन्यात संपेल. पहिला टोनर मशीनसोबतच घ्या.

महिन्याची ‘ड्यूटी सायकल’ म्हणून जो १०,००० वगैरे आकडा लिहिलेला असतो, तो मशीन एखाद्या महिन्यात जास्तीत जास्त किती सोसेल याचा. रोजच्या वापरासाठी त्याच माहितीपत्रकात ‘शिफारस केलेली मासिक पानं’ शोधा. तुमची ५०० ते १,००० पानं त्या पट्ट्यात बसायला हवीत. मिनिटाला १८ पानं की ३० यावर जास्त वेळ घालवू नका. घरगुती कामात बहुतेक वेळा एक-दोन पानंच निघतात, तिथे पहिलं पान किती सेकंदांत बाहेर येतं हे महत्त्वाचं.

आता रिफिलचा मुद्दा. आपल्याकडे १२ए आणि ८८ए अजून टिकून आहेत त्या रिफिलमुळेच. १२ए मध्ये तर टोनर किती उरला ते मशीनला सांगणारी चिपच नाही. चांगला कारागीर असेल तर ही सगळ्यांत स्वस्त छपाई आहे, हे मान्यच करायला हवं. पण बरेच जण कार्ट्रिजला भोक पाडून पूड ओततात आणि टेप लावून परत देतात. तसं करू देऊ नका. नीट रिफिल म्हणजे बाजूच्या पिना काढून कार्ट्रिजचे दोन भाग वेगळे करायचे, वाया गेलेल्या टोनरची पेटी पूर्ण रिकामी करायची, ड्रमला वीजभार देणारा चार्ज रोलर कोरड्या मऊ कापडाने पुसायचा, ड्रमच्या दोन्ही कडा झिजल्या का बघायच्या, वायपर ब्लेडची, म्हणजे ड्रम साफ करणाऱ्या पट्टीची, धार तपासायची, मग त्या मॉडेलचीच पूड वजन करून भरायची. दोन-तीन रिफिलनंतर ड्रम आणि ब्लेड बदलावे लागतात. तो खर्च दरात धरला आहे का, हे आधीच विचारा.

रिफिल बिघडलं की ते पानावर दिसतं, आणि पान नीट वाचलं तर दोष कुठला ते कळतं. पानाच्या कडेला काळी भुकटी सांडत असेल तर वाया टोनरची पेटी भरली आहे. उभी बारीक धारदार काळी रेघ म्हणजे ड्रमवर ओरखडा. तीच रेघ पसरट, धुरकट असेल तर वायपर ब्लेड गेली. सगळं पान राखाडी दिसत असेल तर ड्रम झिजला, चार्ज रोलर मळला किंवा पूड चुकीची. उभी पांढरी पट्टी असेल तर टोनरचा थर सारखा करणाऱ्या पट्टीत गुठळी अडकली आहे, किंवा लेझरच्या काचेवर धूळ आहे. एकच ठिपका ठरावीक अंतराने परत येत असेल तर पट्टी घेऊन अंतर मोजा. १२ए-८८ए प्रकारात ते ७५ मिमीच्या आसपास असेल तर ड्रम, ब्रदरमध्ये ९४ मिमी असेल तरीही ड्रमच, कारण ड्रमचा घेर तेवढा असतो. आणि अक्षर नखाने खरवडून निघत असेल तर पूड नीट वितळत नाही. अशी पूड फ्यूजरला चिकटत जाते आणि फ्यूजर बदलायचा खर्च जुन्या मशीनच्या किमतीलाच भिडतो.

ब्रदरमध्ये उभी काळी रेघ आली की ड्रम बदलण्याआधी एक साधा उपाय आहे. ड्रमचा भाग बाहेर काढा, वरची हिरवी कळ डावीकडून उजवीकडे आठ-दहा वेळा सरकवा. आतली, ड्रमला वीजभार देणारी कोरोना तार त्याने साफ होते. मग ती कळ बाणाच्या खुणेवर परत आणून ठेवा. ती मधेच राहिली तर पानावर जाडजूड काळा पट्टा येतो, आणि लोक ड्रम गेला समजून नवा आणतात.

नव्या मॉडेलांत चिपची अडचण आहे. एचपीच्या ११०ए सारख्या कार्ट्रिजमध्ये पूड भरली तरी चिप बदलल्याशिवाय मशीन टोनर संपल्याचंच सांगत राहतं. काही एचपी मशीन फर्मवेअर (मशीनमधलं सॉफ्टवेअर) अपडेट झाल्यावर दुसऱ्या कंपनीची चिप नाकारतात. मॉडेलच्या नावाशेवटी ‘ई’ असलेली एचपी प्लस मशीन इंटरनेट सतत जोडलेलं आणि कार्ट्रिज कायम ओरिजिनल मागतात. रिफिल करायचं मनात असेल तर ती घेऊ नका. आणि कोणी नातेवाईक अमेरिकेतून लेझर आणून देतो म्हणाला तर नम्रपणे नको म्हणा. ते १२० व्होल्टचं असतं, आपल्या २३० व्होल्टवर फ्यूजर जळतो, आणि कार्ट्रिजही इथे मिळेलच असं नाही.

विजेबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण इथे घरोघरी नुकसान होतं. फ्यूजर तापताना लेझर काही क्षण ९०० ते १,००० वॅटच्या घरात वीज ओढतं. कॉम्प्युटरचा नेहमीचा ६०० व्हीएचा यूपीएस जेमतेम ३६० वॅट देतो. त्यावर लेझर लावलं की यूपीएस ओरडून बंद पडतो, आणि सोबत तुमचा अर्धवट भरलेला रिटर्नही जातो. लेझर थेट भिंतीतल्या अर्थिंग असलेल्या सॉकेटला लावा, यूपीएसवर किंवा घरच्या इन्व्हर्टरवर नको. वीज गेली की छपाई थांबेल हे गृहीत धरा. लोडशेडिंगच्या गावात दिवसाची कामं त्याप्रमाणे लावावी लागतात. याउलट इंक टँक फारच कमी वीज घेतो आणि छोट्या यूपीएसवर चालतो. ज्यांच्याकडे वीज रोजच तासन् तास जाते, त्यांनी हा एक मुद्दा बाकी सगळ्यांच्या वर ठेवावा.

स्कॅनर निवडताना तुमच्या खरेदीखतांमुळे एक गोष्ट नक्की बघा. या किमतीतल्या मशीनची काच बहुधा ए४ एवढीच असते. स्टॅम्प पेपर त्याहून लांब असतो, त्यामुळे काचेवर ठेवला तर खालच्या ओळी आणि बरेचदा साक्षीदारांच्या सह्याच कापल्या जातात. लीगल कागद फक्त वरच्या फीडरमधून पूर्ण जातो. म्हणून फीडर लीगल आकार घेतो का हे माहितीपत्रकात वाचा. जीर्ण, घडीवर फाटलेला दस्त मात्र फीडरमध्ये कधीच घालू नका. तो काचेवर दोन भागांत स्कॅन करून जोडा. आयडी कॉपीची सोय बहुतेक मल्टिफंक्शनमध्ये असते, आधारच्या दोन्ही बाजू एकाच पानावर येतात. ती एका बटणावर आहे की मेन्यूत चार पायऱ्या आत, हे दुकानातच दाबून बघा. तुम्हाला ती दिवसातून दहा वेळा लागणार आहे.

फीडरमधून काढलेल्या प्रत्येक कॉपीवर एक उभी काळी रेघ येते, पण काचेवरून काढली तर येत नाही, ही तक्रार नेहमीची. मोठ्या काचेच्या डाव्या बाजूला बोटभर रुंदीची एक वेगळी काचपट्टी असते. फीडरमधला कागद तिच्यावरून सरकतो. तिथे व्हाइटनरचा किंवा बॉलपेनच्या शाईचा मोहरीएवढा ठिपका चिकटला तरी त्याची पानभर रेघ होते. किंचित ओल्या मऊ कापडाने पुसा, निघाला नाही तर नखाने हलकेच काढा. ब्लेड लावू नका. यासाठी मेकॅनिक बोलवायची गरज नसते.

पाठपोट छपाईवर मी एवढा अडून बसतो त्याचं कारण कागद. ५०० कागदांची रिम ३०० रुपयांना धरली तर एक कागद ६० पैशांचा, म्हणजे ‘ब’ मशीनच्या टोनरखर्चाच्या निम्म्याहून थोडासा जास्तच. ऑडिटच्या प्रती, खातेउतारे, मुलांचे वर्कशीट पाठपोट काढले की तो खर्च अर्धा होतो आणि फाइलही पातळ राहते. सर्वोच्च न्यायालयानेही २०२० पासून ए४ कागदावर पाठपोट छपाई स्वीकारली आहे, त्यामुळे वकिलांनाही ही सोय आता लागते. आपोआप पाठपोट नसलेल्या मशीनवर हाताने कागद उलटून घालता येतो, पण एकदा तापून गेलेला कागद वाकलेला असतो आणि दुसऱ्या फेरीत अडकतो.

कागद ७५ किंवा ८० जीएसएमचा घ्या. पावसाळ्यात, आणि कोकणात तर वर्षातले बरेच महिने, कागद ओलावा धरतो. मग तो फ्यूजरमधून सुरकुतून किंवा गुंडाळून निघतो, छपाई फिकट येते, कधी वाफही दिसते. वाफ पाहून घाबरू नका, ते कागदातलं पाणी आहे. रिम एका वेळी एकच उघडा, उरलेली प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवा, रात्री ट्रेमधला कागदही काढून ठेवला तर उत्तम. ड्रायव्हरमध्ये कागदाचा प्रकार एक पायरी पातळ निवडला की फ्यूजरची उष्णता कमी होते आणि कागद कमी वळतो. उलट बॉण्ड पेपरवर अक्षर निघत असेल तर एक पायरी जाड निवडा.

स्टॅम्प पेपर नेहमी एकेक करून, हाताने कागद घालायच्या पुढच्या किंवा मागच्या खाचेतून द्या आणि मागचं झाकण उघडता येत असेल तर उघडा, म्हणजे तो सरळ जातो, वळसा घेत नाही. आधी त्याच मापाच्या साध्या कागदावर छापून मजकूर छापील भागाखाली बसतो का बघा. टाचणी, स्टेपल, चिकटवलेलं तिकीट असलेला कागद आत जाता कामा नये. इंकजेटचा चकचकीत फोटो पेपर, पीव्हीसी कार्ड आणि उठावदार शाईचं लेटरहेड लेझरमध्ये घालू नका. ते फ्यूजरवर वितळतं आणि मशीन बसतं.

सेकंडहँड एचपी १०२० किंवा कॅनन एलबीपी२९०० याबद्दल: ही मशीन टणक आहेत यात शंका नाही. पण ती फक्त यूएसबीवर चालतात, पाठपोट नाही, स्कॅनर नाही. तुमच्या कामाला ती मुख्य मशीन म्हणून पुरणार नाहीत. फक्त छपाई हवी असेल, जवळ भरवशाचा रिफिलवाला असेल आणि किंमत खरंच कमी असेल, तर घ्यायला हरकत नाही. घेताना सलग तीस पानं काढून बघा. दोन कागद एकत्र येत असतील किंवा कागद उचलताना अडखळत असेल तर पिकअप रोलर गुळगुळीत झाला आहे, तो स्वस्तात बदलतो. गिअरचा कटकट आवाज किंवा पानावर परत परत येणारा पुसट डाग फ्यूजरचा असेल तर सोडून द्या.

जोडणीबद्दल इतकंच: बहुतेक स्वस्त प्रिंटर २.४ गिगाहर्ट्झचंच वायफाय पकडतात. राउटरच्या सेटिंगमध्ये प्रिंटरला कायमचा आयपी पत्ता राखून द्या, आणि विंडोजमध्ये प्रिंटर जोडताना त्या पत्त्यावर टीसीपी/आयपी पोर्ट बनवा. विंडोज आपोआप जो डब्ल्यूएसडी पोर्ट घेतं, त्यावर प्रिंटर चालू असूनही ‘ऑफलाइन’ दिसण्याचा त्रास वारंवार होतो. मशीन राउटरजवळ असेल तर लॅन केबलच लावा.

टोनर सांडला तर गरम पाणी लावू नका, तो वितळून कापडात बसतो. कोरड्या फडक्याने झटका, मग गार पाण्याने धुवा. घरच्या व्हॅक्यूम क्लीनरने ओढू नका, बारीक पूड त्याच्या पिशवीतून परत हवेत येते. मशीन मुलांच्या झोपायच्या खोलीत न ठेवता खिडकी उघडणाऱ्या खोलीत ठेवा. कार्ट्रिज बाहेर काढलं तर ते कापडाने झाका, ड्रमच्या हिरव्या-निळ्या पृष्ठभागावर ऊन किंवा ट्यूबलाइटचा उजेड काही मिनिटंही पडू देऊ नका.

पैसे देण्याआधी दोन फोन करा. एक, ज्या मॉडेलवर मन बसलंय त्याचा टोनर आणि ड्रम तुमच्या तालुक्याच्या गावात आजच्या आज मिळतो का, हे विचारायला दोन दुकानांना. दुसरा, कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला: वॉरंटीत माणूस घरी येतो की मशीन उचलून जिल्ह्याच्या गावी न्यावं लागतं. बिलावर मॉडेल आणि सीरियल नंबर लिहून घ्या, आणि वॉरंटीची ऑनलाइन नोंद त्याच आठवड्यात करून टाका.